खुब्याच्या हाडासाठी स्टेम सेल आणि स्कॅफोल्ड : मेलेलं हाड खरंच परत उगवतं का?

बर्डीवाली
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय २४, सिकल सेल 'एसएस' (रक्ताचा आनुवंशिक आजार, तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन वाहिन्यांत अडकतात). क्रायसिस (रक्त अडकून उठणारी असह्य कळ), रक्त चढवणं, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या हे सगळं आमच्या घरात लहानपणापासूनचं. मागच्या दिवाळीनंतर त्याच्या उजव्या जांघेत दुखायला लागलं. आम्हाला वाटलं नेहमीचाच क्रायसिस. शेकण्यात आणि गोळ्यांत दोन महिने गेले. एक्स-रे साफ आला म्हणून आम्ही निर्धास्त. शेवटी तो लंगडायला लागला तेव्हा एमआरआय काढला आणि 'एव्हीएन' निघालं. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून आतलं हाड मेलं आहे. गोळा अजून गोल आहे, खचलेला नाही. रिपोर्टवर स्टेज दोन लिहिलं आहे.

तीन ठिकाणी दाखवलं, तीन मतं मिळाली. पहिले डॉक्टर म्हणाले, हाडात ड्रिलने बोगदा पाडून दाब कमी करू (कोअर डीकॉम्प्रेशन) आणि त्यातून त्याच्याच कमरेच्या हाडातली मज्जा घट्ट करून सोडू. दुसरे म्हणाले, कुबडी घ्या, व्यायाम करा, वाट पाहा, खचलाच तर सांधा बदलू. तिसरं एक खासगी क्लिनिक, नाव लिहीत नाही. त्यांनी 'स्टेम सेल प्लस स्कॅफोल्ड' असं पॅकेज सांगितलं. हाड नव्यासारखं होईल, ९५ टक्के गॅरंटी, खर्च ४ लाख ८० हजार, अर्धे आगाऊ, आणि आठ दिवसांत भरले तर सूट. बाबा एफडी मोडायला निघाले आहेत.

मला एवढंच समजून घ्यायचं आहे. हे स्टेम सेल आणि स्कॅफोल्ड प्रकरण नेमकं काय आहे? त्यात पक्कं किती आणि अजून प्रयोगात किती? कुणी करून घेतलं असेल तर कृपया सांगा.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, पहिले बाबांची एफडी थांबवा. जाणकार मंडळी येऊनच राहिली आहे. हाडाच्या इलाजाची गॅरंटी अन् त्यावर आठ दिवसांची सूट, हे मी पहिल्यांदा ऐकून राहिलो. सोफासेट थोडीच घ्यायचा आहे बाप्पा.

रिंगवाला
माझा अनुभव वेगळा आहे, पण हाड उगवतं का या प्रश्नाचं उत्तर माझ्या पायातच आहे म्हणून लिहितो.

२०१६ साली वर्धा रोडवर अपघात झाला. नडगीचं हाड चामडी फाडून बाहेर आलं, जंतुसंसर्ग झाला आणि पाच सेंटीमीटर हाड कापून टाकावं लागलं. मग इलिझारोव्हची रिंग (पायाबाहेरून तारांनी हाडाला धरणाऱ्या कड्या) बसवली. सायबेरियातल्या कुर्गान गावी डॉ. गाव्रिल इलिझारोव्ह यांनी शोधलेली पद्धत. वरच्या बाजूला चांगल्या हाडाला मुद्दाम एक कट देतात आणि तो तुकडा दिवसाला एक मिलिमीटर खाली सरकवतात. एकदम एक नाही. पाव मिलिमीटर, दिवसातून चार वेळा. माझी आई मोबाइलवर गजर लावून पाना फिरवायची. पन्नास दिवस फिरवलं, नंतर ते कोवळं हाड पक्कं व्हायला आणखी सहा महिने रिंग पायातच.

मागे सुटलेल्या फटीत आधी एक्स-रेवर नुसता धूर दिसायचा. मग त्या धुरात रेघा आल्या, मग हाड दिसलं. पूर्ण पाच सेंटीमीटर. बाहेरून ना पेशी टाकल्या ना स्कॅफोल्ड. म्हणून माझं मत असं आहे की शरीराला संधी द्या, ते करतं. स्टेम सेलच्या नावावर लाखो रुपये का द्यायचे?

बर्डीवाली
रिंगवाला दादा, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. पण भावाच्या खुब्याला रिंग लावून काही होईल का?

अस्थिमित्र
ताई, मी हाडांचा सर्जन आहे, विदर्भातच काम करतो. भावाला न तपासता उपचार सांगणार नाही, पण विषय समजावून सांगू शकतो.

रिंगवाला यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. त्यांच्या पायात जे हाड झालं ते स्टेम सेलनीच, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशींनीच केलं, फक्त त्या त्यांच्या स्वतःच्या आणि जागच्या जागी असलेल्या. अस्थिमज्जेत आणि हाडावरच्या पातळ आवरणात अशा पेशी असतात. हळूहळू ताण दिला की त्या जागी नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पेशी कामाला लागतात. मज्जेतल्या काही पेशी हाड तयार करू शकतात हे अलेक्झांडर फ्रीडनस्टाइन यांनी १९६० च्या दशकात मॉस्कोत दाखवलं. १९९१ मध्ये अर्नोल्ड कॅप्लन यांनी त्यांना 'मेसेनकायमल स्टेम सेल' हे नाव दिलं. पुढे त्यांनीच म्हटलं की हे नाव बदलायला हवं, कारण शरीरात टाकल्यावर या पेशी स्वतः हाड होण्यापेक्षा आजूबाजूच्या पेशींना निरोप देण्याचं काम जास्त करतात. ज्याने नाव ठेवलं त्यानेच हे सांगितलं, म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं.

नवं हाड व्हायला चार गोष्टी लागतात. हाड घडवणाऱ्या पेशी, त्यांना धरून बसायला चौकट (हाच स्कॅफोल्ड), काम सुरू करा असा रासायनिक निरोप, आणि त्या जागेची स्थिरता. या चौघांच्याही खाली रक्तपुरवठा. रक्तवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरपेक्षा लांब गेलेली पेशी जगत नाही. प्रयोगशाळेत छोट्या तुकड्यात सुंदर वाढणारं हाड माणसाच्या मोठ्या खड्ड्यात घातलं की मधोमध मरतं ते याच कारणाने.

आता भावाचं. एव्हीएनमध्ये, विशेषतः गोळा खचण्याआधी, चौकट गेलेली नसते! मेलेल्या हाडाच्या काड्या तशाच उभ्या असतात. शरीर त्यांच्यावरच नवं हाड चढवत जातं आणि जुनं खात जातं. खाण्याचा वेग चढवण्यापेक्षा जास्त झाला की गोळा खचतो. म्हणजे त्याच्याकडे कमी आहे ते रक्त आणि जिवंत पेशी. स्कॅफोल्ड त्याचा त्याच्याकडे आहे. तेव्हा पॅकेजवाल्यांना पहिला प्रश्न हा विचारा की स्कॅफोल्ड नेमका कुठे, कशासाठी आणि कशाचा घालणार?

काटोलकर
डॉक्टरसाहेब, हे तर आमच्या बागेतलंच सांगितलं तुम्ही. संत्र्याचं रोप आम्ही बी लावून नाही करत. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो. खुंटाच्या सालीत उभा छेद देऊन डोळा आत सरकवायचा अन् पट्टीनं घट्ट बांधायचा. डोळा किती का चांगल्या झाडाचा असेना, सालीखालचा ओला थर एकमेकाला भिडला नाही तर तो सुकतो. हलला तरी सुकतो. खुंटाला पाणी नसलं तर आधी सालच सुटत नाही.

माझ्या आजोबापासून हे काम पाहून राहिलो. चांगला डोळा, जिवंत खुंट, घट्ट बांधणी. तिन्ही लागतात.

अस्थिमित्र
काटोलकर, पुढच्या वेळी विद्यार्थ्यांना शिकवताना हेच उदाहरण देणार आहे. परवानगी असावी.

काटोलकर
परवानगी कसली साहेब, मृग बहाराला या, पेटीच देतो.

मेटलर्जी_मामा
नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात मेटलर्जी (धातुशास्त्र) शिकलो, नंतर काही वर्षं वैद्यकीय सिरॅमिकवर काम केलं. स्कॅफोल्डबद्दल लिहितो, कारण पॅकेजमध्ये हा शब्द नुसता भारदस्त वाटावा म्हणून घातलेला दिसतो.

स्कॅफोल्ड म्हणजे सच्छिद्र चौकट. हाडाच्या कोरड्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिज असतो, आणि ते मुख्यतः हायड्रॉक्सीअपटाइट, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. म्हणून चौकटीसाठी पहिली पसंती त्याच्याच कृत्रिम रूपाला. पण ते शरीरात फार हळू विरघळतं. त्याचा भाऊबंद ट्रायकॅल्शियम फॉस्फेट लवकर विरघळतो. दोन्ही मिसळून वेग जमवतात. शिवाय कोलॅजन हे हाडातलंच प्रथिन आहे, काही विरघळणारे पॉलिमर आहेत आणि बायोग्लास आहे. बायोग्लास १९६९ मध्ये अमेरिकेत लॅरी हेंच यांनी केला. सिलिका, सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरसची अशी काच की तिच्या पृष्ठभागावर अपटाइटचा थर चढतो आणि हाड तिला आपलं समजून चिकटतं.

छिद्रं हा सगळ्यात कळीचा भाग. साधारण १०० मायक्रॉनखाली (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पेशी आत नीट शिरत नाहीत. रक्तवाहिन्या यायला ३०० मायक्रॉनच्या वर बरं. आणि छिद्रं एकमेकांना जोडलेली हवीत, नाहीतर आतल्या खोल्या बंदच राहतात. पण छिद्रं वाढवली की ताकद कमी होते. मांडीच्या हाडात उभं राहणारं, छिद्रांनी भरलेलं आणि ठरल्या वेळी विरघळून जागा देणारं, हे तिन्ही एकाच पदार्थात आणणं फार अवघड. मी त्यात सात वर्षं घालवली, म्हणून कुणी सहज 'हाड नव्यासारखं' म्हटलं की अस्वस्थ होतो.

काम मात्र खरं चाललं आहे. इटलीतल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये तीन रुग्णांची नोंद छापली. प्रत्येकाचं कित्येक सेंटीमीटर हाड गेलेलं. त्यांच्याच मज्जेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून हायड्रॉक्सीअपटाइटच्या चौकटीवर बसवल्या. हाडं जुळली आणि पुढे सहा-सात वर्षं टिकलेली दिसली. पण ते सिरॅमिक विरघळलं नाही, हाडात तसंच राहिलं. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हायड्रॉक्सीअपटाइट आणि कॅल्शियम सिलिकेटच्या चौकटीवर शेळीच्याच पेशी वाढवून त्या शेळीच्या मांडीच्या हाडातली फट भरण्याचं काम झालं आहे. शेळी ते माणूस हा प्रवास लांबचा असतो, पण ते काम मी जवळून वाचलं आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

वाचनमात्र_मानेवाडा
वाचनखूण साठवली. मामा, एक शंका. थ्रीडी प्रिंटरवर हाड छापतात म्हणे, ते काय?

मेटलर्जी_मामा
छापतात ती चौकट. सीटी स्कॅनवरून खड्ड्याच्या नेमक्या मापाची आणि हवी तशी छिद्रं असलेली चौकट थराथराने तयार करता येते. जबडा, कवटी अशा वेड्यावाकड्या आकारांना त्याचा मोठा उपयोग आहे. हाड मात्र शरीरालाच करावं लागतं.

दंतकथा
जबड्याचा विषय निघाला म्हणून. मी दंतवैद्य आहे. नागपुरात खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाऊन तोंडाचा कॅन्सर झालेले रुग्ण माझ्यासमोर रोज येतात, काही तिशीतले. अर्धा खालचा जबडा काढावा लागतो. आज त्यावरचा भरवशाचा उपाय म्हणजे पायातलं फिब्युला हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढायचं, तुकड्यांत कापून जबड्याच्या आकारात जोडायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना शिवायच्या. बघा, इथेही हाड रक्तासकट न्यावं लागतं.

आता स्कॅफोल्डची एक गोष्ट. जर्मनीत कील इथे २००४ मध्ये पॅट्रिक वार्न्के यांच्या पथकाने एका ५६ वर्षांच्या माणसाचा जबडा त्याच्याच पाठीत वाढवला. टायटॅनियमच्या जाळीचा जबड्याच्या आकाराचा पिंजरा, त्यात हाडखनिजाचे ठोकळे, त्याचीच २० मिलिलिटर मज्जा आणि बीएमपी-७ नावाचं हाडाला निरोप देणारं प्रथिन. हे सगळं पाठीच्या स्नायूत सात आठवडे ठेवलं, कारण तिथे रक्त भरपूर. मग रक्तवाहिन्यांसकट काढून तोंडात बसवलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तो माणूस ब्रेड आणि सॉसेज चावून जेवला. पुढे जाळी तुटली आणि जबडा बसवल्यापासून साधारण सव्वा वर्षाने तो हृदय बंद पडून गेला. तरी मी ती गोष्ट विद्यार्थ्यांना सांगते, कारण नऊ वर्षं पातळ खाऊन जगलेल्या माणसाचा पहिला घास काय असतो ते मला माझ्या रुग्णांत दिसतं.

आणि हो, खर्रा सोडा. कृपा करून सोडा.

वऱ्हाडी_ठेचा
सोडला ताई. खरंच सोडला. माझ्या चुलतभावाचा जबडा गेला त्या दिवशी सोडला.

अन्नपूर्णा_महाल
दंतकथा, एक विचारू? मागच्या वर्षी इम्प्लांटसाठी माझ्या दाताच्या जागी 'बोन पावडर' भरली. नंतर पाकिटावर वाचलं तर ती गाईच्या हाडापासून केलेली. मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या मनाला फार लागलं.

दंतकथा
काकू, तुम्हाला लागलं ते बरोबरच आहे. आधी सांगायला हवं होतं. दातांच्या कामात वापरलं जाणारं बरंच हाडखनिज गाईचं असतं. त्यातला सेंद्रिय भाग काढून फक्त खनिज ठेवतात. ते सुरक्षित आहे, पण श्रद्धेचा प्रश्न रुग्णाने ठरवायचा. पूर्ण कृत्रिम ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आणि हायड्रॉक्सीअपटाइट मिळतं. 'कशापासून केलं आहे' हा प्रश्न विचारणं तुमचा हक्क आहे. बर्डीवाली, तुम्हीही स्कॅफोल्डबद्दल हेच विचारा.

महालातली_आजी
आमच्या लहानपणी हाड मोडलं की हाडवैद्याकडे नेत. बांबूच्या कामट्या, हळद, अंड्याचा लेप. माझ्या यजमानांचा हात त्यांनीच बसवला, पण थोडा वाकडाच राहिला. हाडजोडीच्या वेलीची भजी करून खाऊ घालत. तिचा उपयोग होतो का हो डॉक्टर?

अस्थिमित्र
आजी, हाडजोडी म्हणजेच कांडवेल. तिच्यावर उंदरांवर आणि माणसांवर छोटे अभ्यास झाले आहेत, काहींत फायदा दिसला. मी कुणाला भजी खायला मना करत नाही. पण सिकलच्या मुलाला बाहेरून मालिश करून घेऊ नका आणि घट्ट कामट्या बांधू नका. रक्त आधीच अडकतं, त्यात बाहेरून दाब नको.

संपादक मंडळ
'हाड १०० टक्के जोडून देतो' असा मजकूर आणि फोन नंबर असलेले दोन प्रतिसाद काढले आहेत. उपचारांची जाहिरात इथे चालणार नाही.

धरमपेठी
बरं झालं काढले. मी काही वर्षं एका संस्थेच्या नैतिकता समितीवर होते, म्हणून ताईंना नियमांचं सांगते.

आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं मज्जारोपण सोडलं तर स्टेम सेलचा बाकीचा वापर संशोधनात मोडतो. तो नोंदवलेल्या चाचणीतच व्हायला हवा आणि त्यात रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत. भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत प्रत्येक चाचणीचा क्रमांक असतो, २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे आणि कुणालाही तो फुकट शोधता येतो. औषध नियंत्रकांनी परवानगी दिलेली मोजकी पेशी-उत्पादनंही आहेत. त्यात रुग्णाच्याच मज्जेतून वाढवलेल्या अस्थिपेशींचं एव्हीएनसाठीचं उत्पादन आहे. म्हणजे कायदेशीर वाट आहे, आणि त्या वाटेने जाणाऱ्याकडे कागद असतो.

तेव्हा क्लिनिकला विचारा: चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक काय आणि पैसे कशाचे? उत्पादन असेल तर परवाना कुठे? पेशी कुठे वाढवणार, आणि कुणाच्या? संमतीपत्र मराठीत आहे का? ते घरी नेऊन वाचू देता का?

मी एवढी ठाम का आहे तेही सांगते. २०११ मध्ये स्टॉकहोममध्ये पाओलो मॅकियारिनी या सर्जनने प्लास्टिकच्या श्वासनलिकेवर रुग्णाच्याच स्टेम सेल लावून ती बसवली. जगभर कौतुक झालं. रुग्ण मेले. २०२३ मध्ये स्वीडनच्या न्यायालयाने त्याला अडीच वर्षांची शिक्षा दिली. पेशी आणि चौकट हे दोन्ही शब्द तिथेही होते, आणि त्याआधी प्राण्यांवर करायचं काम धड झालेलं नव्हतं.

कोविडनंतर
माझं वय ४१. कोविडमध्ये स्टेरॉइड घ्यावी लागली, जीव त्यानेच वाचला. वर्षभरात दोन्ही खुब्यांत एव्हीएन. डावा वेळेवर सापडला, ड्रिल आणि मज्जा केली, तीन वर्षं झाली, टिकून आहे. उजव्याचा गोळा तोवर खचला होता. तिथेही स्टेम सेल घाला म्हणून मीच हट्ट केला होता. डॉक्टर म्हणाले, छत कोसळल्यावर खांबाला पाणी मारून काय होणार. सांधा बदलला. आज मी अंबाझरीला चार किलोमीटर चालतो. सांधा बदलणं म्हणजे हार नाही, एवढं ताईंच्या भावाला सांगा.

रिंगवाला
वर सगळं वाचून माझं मत थोडं बदललं. एव्हीएनचं गणित माझ्यापेक्षा वेगळं आहे. पण डॉक्टर, एक सांगा. मज्जा घट्ट करून टाकतात त्यात स्टेम सेल असतात तरी किती?

अस्थिमित्र
फार चांगला प्रश्न. मज्जेतल्या दहा हजार ते एक लाख पेशींमागे एखादी. म्हणून कमरेच्या हाडातून मज्जा काढून ऑपरेशन थिएटरमध्येच यंत्रात फिरवतात आणि घट्ट करतात. फ्रान्समधले फिलिप हर्निगू यांनी २००५ मध्ये न जुळलेल्या ६० नडग्यांवर हे केलं. ५३ जुळल्या. उरलेल्या सात जणांना मिळालेल्या मज्जेत कामाच्या पेशी कमी होत्या. तेव्हा 'स्टेम सेल टाकल्या' एवढं पुरत नाही, किती टाकल्या ते महत्त्वाचं. त्यांनीच एव्हीएनच्या खुब्यांवरही मोठं काम केलं, त्यात सिकलचे रुग्ण होते, आणि गोळा खचण्याआधी केलेल्यांना जास्त फायदा झाला.

पण दुसरी बाजू न सांगणं चूक होईल. २००६ मध्ये अमेरिकेत फक्त सिकलच्या रुग्णांवर चाचणी झाली. एका गटाला ड्रिल आणि व्यायाम, दुसऱ्याला नुसता व्यायाम. तीन वर्षांनी दोन्ही गट जवळपास सारखे. त्यात मज्जा टाकली नव्हती. म्हणजे ताईंना 'वाट पाहा' म्हणणारे दुसरे डॉक्टरही काही अडाणीपणाने बोलले नाहीत.

ताई, एक गोष्ट अगदी ठळक लक्षात ठेवा. काही ठिकाणी स्टेम सेल रक्तात आणण्यासाठी जी-सीएसएफ नावाचं इंजेक्शन देतात. सिकलच्या रुग्णात त्याने भयंकर क्रायसिस येऊ शकतो, जीवही गेले आहेत. कुणीही ते देतो म्हणालं तर तिथून उठा. आणि कुठलंही ऑपरेशन ठरलं तर रक्तविकारतज्ज्ञ सोबत हवेत. आधी रक्त चढवायचं का, सलाइन, ऑक्सिजन, अंग गरम ठेवणं, हे ठरवल्याशिवाय टेबलावर घेऊ देऊ नका.

नवी_आई
मध्येच विचारते. बाळाच्या नाळेतलं रक्त आम्ही पैसे भरून साठवलं आहे. 'पुढे हाडाला उपयोगी पडेल' असं सांगितलं होतं. बर्डीवाली यांच्या भावाला तसलं काही चाललं असतं का?

अस्थिमित्र
नाळेच्या रक्तात मुख्यतः रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल असतात, हाड घडवणाऱ्या नगण्य. दोन्हींचं नाव सारखं असल्याने गोंधळ होतो. सिकल हा आजार मुळातून घालवण्यासाठी जुळणाऱ्या सख्ख्या भावंडाची मज्जा किंवा नाळेचं रक्त वापरतात, तो मान्यताप्राप्त उपचार आहे. पण त्याने मेलेला खुबा परत येत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
इतकं सगळं वाचून मले तर वाटते सगळ्यांनी एकदा तर्री पोह्यावर भेटावं. काटोलकर संत्री आणतील, डॉक्टरसाहेब हाडं पाहतील.

काटोलकर
आणतो. पण बर्डीवाली ताईचा भाऊ चालत आला पाहिजे.

बर्डीवाली
मंडळी, पाच महिन्यांनी येते आहे, माफ करा. सगळं सांगते.

धरमपेठींचे प्रश्न वहीत लिहून बाबांना घेऊन त्या क्लिनिकमध्ये गेले. नोंदणी क्रमांक विचारला तर 'हे चाचणी नाही, उपचार आहे' म्हणाले. मग परवाना विचारला तर 'बाहेरून येतो' म्हणाले. पेशी कुणाच्या, यावर एकाने 'रुग्णाच्या' सांगितलं आणि दुसऱ्याने 'तयार मिळतात'. स्कॅफोल्ड कशाचा हे कुणालाच सांगता आलं नाही. संमतीपत्र इंग्रजीत होतं आणि घरी नेऊ दिलं नाही. बाबा काहीच बोलले नाहीत, खुर्चीवरून उठले. बाहेर आल्यावर म्हणाले, "वही दे इकडे, मी जपून ठेवतो."

नंतर पहिल्या डॉक्टरांकडे परत गेलो, दुसऱ्यांचं मतही त्यांच्यासमोर ठेवलं. २००६ च्या त्या चाचणीबद्दल विचारल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढून अर्धा तास समजावलं. वय कमी, गोळा गोल, दुखणं वाढतं, आणि एवढ्या लहान वयात सांधा बदलला तर पुढे परत बदलावा लागणार. म्हणून करू या, पण शंभर टक्के सांगत नाही, असं ते म्हणाले. ते 'सांगत नाही' ऐकूनच मला धीर आला. रक्तविकारतज्ज्ञांनी आधी रक्त चढवलं. कमरेतून मज्जा काढली, घट्ट केली, बोगद्यातून सोडली. स्कॅफोल्ड वापरला नाही. मी विचारलं, तर अस्थिमित्र म्हणाले होते तेच त्यांनी सांगितलं, चौकट त्याची त्याच्या आत उभी आहे.

सहा आठवडे त्या पायावर वजन नाही, नंतर हळूहळू. रात्रीचं दुखणं बरंच कमी झालं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी एक क्रायसिस आला, दवाखान्यातच होता म्हणून निभावलं. परवाच्या एमआरआयमध्ये गोळा गोल आहे. मेलेला भाग लहान झाला का, ते पुढच्या वर्षीच्या एमआरआयवर बघू म्हणाले. आता डाव्या खुब्याचाही एमआरआय काढून ठेवला आहे, तो चांगला आहे.

रिंगवाला
आईला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, पाना फिरवायचा नाही ना त्याला. मी म्हटलं नाही. मग हसली.

कोविडनंतर
कुबडी सोडायची घाई करू देऊ नका. मी केली होती, दोन महिने मागे गेलो.

गडचिरोलीहून
मी नवीन आहे. माझी मुलगी १६ वर्षांची, सिकल एसएस. तीन आठवड्यांपासून जांघेत दुखते म्हणते. एक्स-रे काढला, त्यात काही नाही आलं. इथे नागपूरला यावं का थांबावं?

बर्डीवाली
ताई, थांबू नका. आम्ही दोन महिने असेच घालवले. एक्स-रेवर सुरुवातीला दिसत नाही, एमआरआयवर दिसतं. तिला त्या पायावर जास्त भार देऊ देऊ नका, उड्या आणि धावणं बंद, पाणी भरपूर. येताना तिचे जुने रक्ताचे रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी आणा. मी तुम्हाला व्यक्तिगत निरोप करते आहे, आल्यावर स्टेशनवर घ्यायला भाऊ आणि मी दोघं येऊ.